सदर पाणी पिण्यास योग्य आहे

पुरानंतर गाळात कसं चालावं, या विषयावर मी तालुक्याच्या सभागृहात पाऊण तास बोललो होतो. गमबूट घालावेत, हातात काठी ठेवावी, आधी काठी टेकावी मग पाऊल, घाई करू नये. समोर बसलेल्या आशाताई आणि ग्रामपंचायतीचे शिपाई बिचारे वहीत उतरवून घेत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गमबूट ऑफिसच्या कपाटात विसरून, साध्या सँडलवर, शेंद्र्याच्या पलीकडच्या एका वस्तीत जीपमधून उतरलो आणि तिसऱ्या पावलाला बसलो. बसलो म्हणजे तसा व्यवस्थितच बसलो. बर्फाची पेटी मांडीवर, चष्मा चिखलात, आणि उजवा घोटा बाकीच्या शरीरापेक्षा जरा वेगळ्याच दिशेला.

आमचे ड्रायव्हर सलीमभाई खिडकीतून म्हणाले, "सर, कल का लेक्चर इसी पे था ना?"

वस्तीतले लोक हसले, मीही हसलो. एरवी या एका घसरण्यावर मी घरच्या चार लग्नकार्यांत भाव खाल्ला असता. आमच्या खानदानात गोष्टी सांगण्याचं काम माझ्याकडे आहे आणि त्यातला वेडा बहुतेक वेळा मीच असतो. ही गोष्ट मात्र मी कुठल्याच पंगतीत सांगितली नाही. आता लिहितोय, कारण राग उतरायची वाट बघत होतो आणि तो काही उतरत नाही.

मी पाणी तपासतो. सरकारी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. लागलो तेव्हा शहर औरंगाबाद होतं, आता संभाजीनगर झालं, टेबल तेच आहे. बायकोच्या माहेरी मला डॉक्टर समजतात, कारण पांढऱ्या कोटातला माझा एक फोटो तिथल्या भिंतीवर लागलाय. माझे पेशंट म्हणजे बाटल्या. बाटल्या कधी तक्रार करत नाहीत. तक्रार बाटल्या आणणारे करतात. एक काका देशीच्या रिकाम्या बाटलीत बोअरचं पाणी घेऊन आले. मी म्हटलं, असं चालत नाही. तर म्हणाले, "साहेब, दारूनं आतलं सगळं मरतं, यापेक्षा स्वच्छ बाटली तुमच्याकडे तरी आहे का?" चिकलठाण्याकडच्या एका नव्या सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. त्यांच्या टाकीत गटार मिसळत होतं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, रिपोर्ट जरा सौम्य लिहा ना, दोन फ्लॅट विकायचे राहिलेत." जंतू सौम्य कसे लिहायचे, ते मला अजून जमलेलं नाही.

काम तसं साधं आहे. उकळून निर्जंतुक केलेली, तोंडाला कागद बांधलेली काचेची बाटली घेऊन जायची. ती स्वतःच्या हातानं भरायची. बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत आणायची. तिथं काचेच्या नळ्यांत जांभळ्या रंगाचा एक रस्सा असतो, जंतूंचं जेवण. त्यात ते पाणी घालून उबेला ठेवायचं. पाण्यात माणसाच्या किंवा जनावराच्या आतड्यातले जंतू असतील, तर ते रस्सा खातात, जांभळ्याचा पिवळा करतात, आणि आत उलट्या घातलेल्या बारक्या नळीत गॅसचा बुडबुडा धरतात. पिवळं आणि बुडबुडा म्हणजे पाण्यात घाण आहे. जांभळ्याचं जांभळं राहिलं की आम्ही शिक्का मारतो: सदर पाणी पिण्यास योग्य आहे.

लोकांना वाटतं, जंतू म्हणजे वाईटच. चमचाभर मातीत इतके जीव असतात की मोजायला बसलो तर मोजता मोजता रिटायर होईन. त्यातले बहुतेक आपले उपकारकर्ते. पालापाचोळा कुजवणारे, ज्वारीला खाऊ घालणारे. ते नसते तर आपण सगळे एव्हाना कचऱ्यात गळ्यापर्यंत बुडालो असतो. पण त्याच मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, जनावरांना होणाऱ्या फऱ्याचे असतात. हे लोक अंगाभोवती टणक कवच करून वर्षानुवर्षं पडून राहतात, अगदी आमच्या ऑफिसातल्या फायलींसारखे, आणि कुणी उकरलं की जागे होतात. एरवी माती, गोठा, संडासाचा खड्डा आणि विहीर आपापल्या जागी असतात, म्हणून आपण जगतो. पूर आला की या चौघांच्या मधल्या भिंती जातात. पाणी ओसरल्यावर टीव्हीवाले निघून जातात, आणि आमच्या हिशेबानं धोका तिथून सुरू होतो.

त्या वस्तीत धनगरांची पंधरा-वीस घरं. काही मेंढरं राखणारे, काही शेतात, काही जण कंपन्यांत रोजावर जाणारे. नाल्याचं पाणी पहाटे अचानक वाढलं आणि खालच्या अंगाला बसवलेला कळप वाघुरीसकट गेला. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ती जाळी. जाळी होती म्हणूनच मेंढरं पळू शकली नाहीत. दोन दिवस फुगलेली मेंढरं बाभळींत अडकून होती. मग जेसीबी आला आणि त्यानं खड्डा खणला. कुठं? वस्तीच्या पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला, चाळीस पावलांवर. कारण तिथपर्यंत रस्ता होता. पुढं गेला असता तर जेसीबी रुतला असता.

हे मला पार्वताबाईंनी सांगितलं. मी पडल्यावर त्यांच्याच ओट्यावर मला आणून बसवलं होतं. पन्नाशीच्या पुढची बाई, कपाळभर कुंकू, आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरचं मेंढरू मागं फिरावं.

"म्या जेसीबीच्या म्होरं हुभी ऱ्हायले, सायेब. म्हणलं, हितं नगं. पानी खाली हिरीला जातंय. फऱ्यानं जनावर मेलं की आमी त्या जागंला दहा-दहा वर्सं कळप बसवत नाय. जनावर मरतं, त्याचा रोग मातीत जित्ता ऱ्हातो. तर त्यो ग्रामसेवक म्हणतो, मावशे, बाजूला व्हा, आमाला साईन्स शिकवू नका."

मी पंचवीस वर्षं पगार घेऊन जे शिकलो, ते बाई फुकटात सांगत होती. तो ग्रामसेवक अंगणातच उभा होता. मी त्याला ओट्यावरूनच विचारलं, "खड्ड्यात चुना किती टाकला?"

"टाकला, सर."

"विहिरीत ब्लीचिंग पावडर?"

"टाकली, सर. चुना आणि पावडर, दोन्ही गोण्या आल्या होत्या. सगळा वापर झालेला आहे."

वापर झाला होता, हे खरंच होतं. येताना मी तो बघितला होता, पण बघूनही मला कळलं नव्हतं. मोठ्या रस्त्यापासून वस्तीच्या शाळेपर्यंत दोन्ही कडांना पांढऱ्याशुभ्र रेघा मारलेल्या होत्या. शाळेपुढं एक गोल, गोलाच्या आत फुली. दुसऱ्या दिवशी एक बडे पाहुणे पूर पाहणीला येणार होते. मेंढरांच्या खड्ड्याचा चुना आणि विहिरीची पावडर त्या पाहुण्यांच्या गाड्यांच्या दोन्ही बाजूंना पसरली होती. नाकाला झोंबणारा वास येत होता आणि मी मूर्ख सलीमभाईंना म्हणालो होतो, "बघा, कामाला लागलेत लोक."

आता माझ्या पापाकडे येतो.

विहीर घरांच्या मागं, उतारावर, पायऱ्यांची. घोटा सुजून नारळ झालेला. पार्वताबाई म्हणाल्या, "तुमी बसा, आमची सून आनंल की भरून." सून आतून आली. डोक्यावर पदर, सातवा-आठवा महिना असावा. मी कागद सोडून बाटली तिच्या हातात दिली. म्हटलं, "धुवू नकोस, तोंडाला आतून हात लावू नकोस. गळ्यापर्यंत भरून आण." बस. कशासाठी, कुठलं, काही नाही. माझ्या डोक्यात ते इतकं उघड होतं, की दुसऱ्याला सांगावं लागतं हेच मी विसरलो. ती मान हलवून गेली आणि लगेच परत आली. पायऱ्या उतरून, पाणी भरून, त्या अवस्थेत पुन्हा चढून यायला किती वेळ लागतो, हा साधा हिशेबही मी केला नाही. विहिरीच्या पाण्यात पावडर उतरली का, ते दोन थेंब औषध टाकून जागेवर बघायचं असतं. तेही केलं नाही. मी घोट्यावर बर्फ धरून बसलो होतो. तो बर्फही नमुन्याच्या पेटीतलाच.

अठ्ठेचाळीस तास नळ्या उबेला होत्या. सगळ्या जांभळ्या. पुरात बुडालेल्या वस्तीच्या विहिरीचं पाणी इतकं नितळ कसं, अशी शंका मला यायला हवी होती. आली होती असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. मी शिक्का मारला, सही केली. माझी सही फार वळणदार आहे, त्याचा मला अभिमान होता.

त्या एका कागदावर वस्तीसाठी मंजूर झालेला टँकर रद्द झाला. 'पाणी योग्य असल्याने आवश्यकता नाही.'

दहा-बारा दिवसांनी तिथल्या आशाताईंचा फोन आला. वस्तीत घरोघर जुलाब. मी गेलो, या वेळी गमबूट घालून. पार्वताबाई ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या. सुनेला शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं, मुलगा तिच्यासोबत होता. आणि मी काय करावं? मी त्यांना झापलं. होय, झापलं. "पाणी तर चांगलं आहे, मी स्वतः तपासलंय. तुम्ही हंडे उघडे ठेवत असाल. गाळ उपसून हात न धुता जेवत असाल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज अजिबात चढवला नाही, त्याचीच मला भीती वाटली.

"हात धुतो आमी, सायेब. त्याच हिरीच्या पान्यानं धुतो. तुमीच लिवून दिलं ना, चांगलं हाय म्हणून? तोवर आमी पीत नव्हतो. कुन्या मंडळानं घरटी एक जार दिला व्हता, त्यो पुरवून पुरवून चालला व्हता. तुमचा कागद आला, मंग हिरीचं प्यालो."

"पण नमुना..." मी म्हणालो. "बाटली तर तुमच्या सुनेनंच विहिरीवरून..."

"हिरीवरून?" त्या म्हणाल्या. "आवं, तुमाला काय हिरीचं पानी देनार व्हय? गढूळ, वास मारतंय. शेरातला मानूस, पाय मोडलेला. तिनं जारातलं भरलं. तिच्यापुरतं ठिवलं व्हतं, दोन जिवाची म्हनून. तळाला तांब्या-दोन तांबे ऱ्हायलं व्हतं. मला म्हनली, आत्याबाई, सायबाला लागलंय, वाटंनं पानी लागंल. आन तुमी तर ती बाटली न पिता पेटीत ठिवली. मला वाटलं, गाडीत पेत आसतील."

मला बसावंसं वाटलं, पण त्या ओट्यावर बसायची माझी लायकी नव्हती, म्हणून उभाच राहिलो. वस्तीतलं सगळ्यात चांगलं पाणी त्या पोरीनं माझ्या बाटलीत घातलं होतं, पाहुण्यानं प्यावं म्हणून. ते पाणी मी शहरात नेलं, उबेला ठेवलं, चांगलं आहे म्हणून लिहिलं, आणि त्या लिहिण्यावर भिस्त ठेवून ती विहिरीचं प्यायली.

त्या दिवशी मी स्वतः विहिरीच्या पायऱ्या उतरलो. तळाशी पाण्यावर चिकट साय होती. चार बाटल्या भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळा उघडली तर सगळ्या नळ्या पिवळ्या धमक, आणि एकूण एक नळीत बुडबुडा.

मी नवा रिपोर्ट घेऊन तालुक्याच्या साहेबांकडे गेलो. हे साहेब वयानं माझ्याहून लहान, बोलायला गोड. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "ठीक आहे, पंधरा दिवस टँकर देतो. बसा ना. चहा?"

मी म्हटलं, "सर, विहीर बंद करावी लागेल. वरचा खड्डा उपसून लांब न्यावा लागेल."

"खड्ड्याचा काय संबंध? खड्डा आधीचा. त्यानंतर तुमचाच पहिला रिपोर्ट आहे, पाणी योग्य. म्हणजे खड्ड्यानं काही झालेलं नाही. लोकांनी नंतर घाण केली असणार."

"पहिला नमुना चुकीचा होता, सर."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. तो विहिरीचा नव्हताच." आणि मी सगळं सांगितलं. घोटा, ओटा, जार. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि मला समजावलं, अगदी मायेनं समजावलं, हे मला कधी विसरता येणार नाही. "काका, तुम्ही आता सेवेच्या शेवटी आलात. पहिला रिपोर्ट आहे तसा राहू द्या. तेव्हा पाणी चांगलं होतं, आता बिघडलं. कुणाचंच काही जात नाही. लेखी दिलंत तर जाईल ते फक्त तुमचं."

कुणाचंच काही जात नाही! त्या दिवशी सकाळीच दवाखान्यातून पार्वताबाईंच्या मुलाचा फोन आला होता. सून वाचली. बाळ गेलं. मुलगी होती. मी डॉक्टरांना भेटून आलो होतो. ते म्हणाले, अंगातलं पाणी फार कमी झालं होतं, पण त्यामुळंच झालं असं मी लिहून देऊ शकत नाही. त्यांच्या जागी ते बरोबर होते. म्हणजे कागदावर कारण 'वेळेआधी प्रसूती'. कागदावर मेंढरं विधिवत पुरलेली, चुना पूर्ण वापरलेला, पाणी योग्य. कागद बघितले तर त्या वस्तीइतकी निरोगी वस्ती मराठवाड्यात नसेल.

मी साहेबांच्या टेबलावरचाच एक कोरा कागद ओढला आणि लिहून दिलं, की पहिला नमुना मी स्वतः घेतला नव्हता, तो विहिरीचा नव्हता, तो रिपोर्ट रद्द समजावा. खाली सही केली. या वेळी ती फार वळणदार आली नाही.

शूरपणा वगैरे काही नव्हता. डोक्यात पेन्शनच होती. पण ती विहीर तशीच राहिली असती तर दर पावसाळ्यात मला जांभळ्या नळ्या दिसत राहिल्या असत्या.

पुढं काय झालं? टँकर आला, पंधराचे तीस दिवस झाले, तो आजही येतो म्हणा. विहिरीवर फळी ठोकून लाल अक्षरांत सूचना लिहिली. खड्डा? तो तिथंच आहे. त्यावर अर्धी ट्रॉली चुना टाकून फोटो काढला. रस्त्यावर रेघा मारणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. जेसीबी कुणाच्या सांगण्यावरून तिथं लागला, ते कुणी विचारलं नाही. जेसीबीपुढं उभ्या राहिलेल्या बाईचा जबाब घ्यायला कुणी गेलं नाही. एवढ्या सगळ्या प्रकरणात सरकारला दोषी सापडला एकच माणूस, कारण त्यानं स्वतःच लिहून दिलं होतं. मला कारणे दाखवा नोटीस आली. 'आपण नमुना घेताना अक्षम्य निष्काळजीपणा केल्याचे आपल्याच निवेदनावरून दिसून येते. सात दिवसांत खुलासा सादर करावा.'

मग मात्र माझं डोकं फिरलं. केली ना निष्काळजी, कबूल! पण रोग मातीत जित्ता राहतो हे ज्या बाईला कळत होतं, तिला गप्प करणाऱ्यानं काय केलं? पाहुण्यांच्या गाडीला दिशा कळावी म्हणून माणसांच्या विहिरीचं औषध रस्त्यावर ओतणाऱ्यानं काय केलं? दोन ओळींच्या नोटिशीला मी चार पानं खुलासा लिहिला. टाईप न करता हातानं. खड्ड्याचं अंतर लिहिलं, उताराची दिशा दाखवायला नकाशा काढला, रेघांचं वर्णन केलं, साहेबांचं 'कुणाचंच काही जात नाही' हे वाक्य अवतरणचिन्हांत टाकलं. इतकं जोरदार मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

रविवारी दुपारी ती चार पानं मी बायकोला वाचून दाखवली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून गवार मोडत होती. शोभाला माझे सगळे किस्से पाठ आहेत, आणि मी कुठं मीठ जास्त टाकतो तेही तिला कळतं. पण त्या दिवशी तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही. जेसीबीच्या परिच्छेदाला माझा आवाज चढला. रेघांच्या परिच्छेदाला तर शेजारच्यांनी खिडकी लावली. संपल्यावर मी कागद खाली ठेवले आणि ती काय म्हणते याची वाट बघू लागलो. खरं सांगायचं तर, शाबासकीची.

तिनं आणखी दोन-चार शेंगा मोडल्या.

"त्या मुलीचं नाव काय हो?" तिनं विचारलं.

"कुठल्या?"

"जिनं तुमची बाटली भरली, तिचं."

मी पानं उलटली. पहिलं, दुसरं, चारही. 'पार्वताबाई यांची सून' असं तीनदा होतं. 'सदर गर्भवती महिला' असं दोनदा. ग्रामसेवकाचं नाव होतं, साहेबांचं हुद्द्यासकट होतं, माझं तर होतंच. मी तिच्या हातात बाटली दिली होती, ती दवाखान्यात असताना तिच्या डॉक्टरांना भेटून आलो होतो, आणि तिचं नाव मी एकदाही विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

शोभानं गवारीचं ताट बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि चारही पानं माझ्या हातात परत दिली.

"मग आधी जा आणि तिला विचारून या," ती म्हणाली. "खुलासा त्यानंतर लिहा."